गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचं बेअरिंग घरी काढताना: जोर कुठल्या रिंगवर?

बॉल बेअरिंगला रिंगा दोन. शाफ्टवर आवळून बसलेली असते ती आतली. बाहेरची रिंग केसमधल्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या खोक्यातल्या, घरात बसते, आणि तिथे ती बहुतेक वेळा रबरी हातोडीच्या दोन टिचक्यांनी सरकेल इतपतच घट्ट असते. गंमत अशी, की शाफ्ट बाकावर घेऊन पुलर (पंज्यांनी धरून ओढणारं हत्यार) लावायला गेलं की पंज्यांना सापडते ती नेमकी बाहेरची रिंग. शाफ्टवरून बेअरिंग काढताना जे काही तुटतं, वाकतं, चरतं, त्यातलं बरंचसं इथूनच सुरू होतं. बाहेरच्या रिंगेला धरून ओढलं की सगळी ओढ गोळ्यांमधून आतल्या रिंगेकडे जाते. दोन पंज्यांची ओढ कधीच सारखी नसते, बेअरिंग किंचित तिरकं होतं, गोळ्या खोबणीच्या कडेवर चढतात आणि तिथे बारीक खड्डे पाडतात. ते बेअरिंग पुन्हा वापरलं तर चौथ्या गिअरला शिट्टीसारखा आवाज ठरलेला. आणि गोळ्यांना अंतरावर धरणारी जाळीच तुटली तर बाहेरची रिंग हातात येते, गोळ्या फरशीवर पसरतात आणि आतली रिंग शाफ्टवर जागची हलत नाही.

तेव्हा एवढं धरून चालायचं: जी रिंग घट्ट, जोर तिच्यावर. काढतानाही आणि बसवतानाही.

पुढे जे लिहिलंय त्यात डोळ्यांसमोर आहे तो मारुती ८००, अल्टो, वॅगन आर अशा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या जातीचा दोन शाफ्टचा गिअरबॉक्स. वर इनपुट शाफ्ट, त्याच्या शेजारी काउंटर शाफ्ट, आणि त्याला लागून दोन्ही चाकांना जोर वाटून देणारा डिफरन्शियल. जीप, जिप्सी, बोलेरो यांच्या उभ्या बॉक्समध्ये शाफ्टांची मांडणी निराळी असते, बेअरिंग आकाराने मोठी असतात, पण उतरवण्याची रीत हीच.

घट्ट म्हणजे किती घट्ट

उदाहरणाला ६३०५ नंबरचं बेअरिंग घेऊ. आतलं भोक २५ मिमी, बाहेरचा व्यास ६२, रुंदी १७. अशा जागी शाफ्ट सहसा २५ मिमीपेक्षा दोन ते अकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग) जाड घासलेला असतो, आणि साध्या दर्जाच्या बेअरिंगचं भोक शून्य ते दहा मायक्रॉन लहान असतं. म्हणजे आवळ किमान २ आणि जास्तीत जास्त २१ मायक्रॉन. डोक्यावरच्या केसाच्या जाडीपुढेही हे कमीच आहे. पण यातल्या, समजा, १५ मायक्रॉनच्या आवळाचा हिशोब मांडला तर कोरड्या, स्वच्छ शाफ्टवरून रिंग सरकवायला साधारण अर्ध्या टनाचा जोर लागतो. त्यावर वीस वर्षांच्या तेलाचं वार्निश आणि थोडा गंज धरला की तो दुपटीने, तिपटीने वाढतो. बेअरिंगबरोबर खालचा गिअर आणि सिंक्रोचा (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या जोडणीचा) हबही एकदम काढायचा असेल तर तीन-चार टनांची तयारी ठेवावी.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ठरतात. घरच्या कामाला १० किंवा १२ टनी बाकावरची प्रेस भरपूर झाली. २० टनी घेण्याची गरज नाही. आणि हातोडीने हे काम का होत नाही तेही कळतं. हातोडीचा फटका क्षणभर काही टनांचा असतो खरा, पण तो एका बाजूला बसतो. रिंग तिरकी होऊन शाफ्टला चावते आणि पुढचा प्रत्येक फटका तिला आणखी घट्ट करतो.

बेअरिंगला हात लावण्याआधी

शाफ्टवर काय कशाच्या वर बसलंय ते आधी बघायचं. इनपुट शाफ्टवर पहिला, रिव्हर्स आणि बऱ्याचदा दुसरा गिअरही शाफ्टच्याच पोलादातून कापलेला असतो. तो निघत नाही, निघणार नाही. तिसरा, चौथा सुटे असतात आणि आतून सुईसारख्या बारीक रोलरांच्या बेअरिंगवर फिरतात. ही सुई-बेअरिंग हाताने सरकतात, त्यांना ओढायचं काही नसतं. पाचव्या गिअरच्या खाली मात्र कधीकधी दाबून बसवलेलं बुश असतं, ते गिअरसोबतच येतं.

मोबाइलवर फोटो काढाच, पण फोटोवर विसंबून राहू नका. फोटोत सिंक्रोच्या हबची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हे ओळखू येत नाही. हब आणि त्यावर सरकणाऱ्या स्लीव्हवर कायम मार्करने एकाच बाजूला बाण काढायचा, आणि निघालेला प्रत्येक भाग त्याच क्रमाने, त्याच तोंडाने जाड तारेवर किंवा बांबूच्या काठीवर ओवत जायचा. स्लीव्ह हबवरून निसटली तर तीन चाव्या आणि दोन गोल स्प्रिंगा उडतात. म्हणून हब-स्लीव्ह उचलण्याआधी त्याभोवती केबल टाय घालायचा. पितळी सिंक्रो रिंगा एकमेकींत अदलाबदल करायच्या नाहीत. दिसायला सारख्या असल्या तरी प्रत्येक रिंग आपापल्या गिअरच्या शंकूवर घासून बसलेली असते.

पाचव्या गिअरचा नट केसमध्ये शाफ्ट असतानाच सैल करायचा असतो. दोन गिअर एकाच वेळी टाकले, म्हणजे दोन स्लीव्ह वेगवेगळ्या गिअरवर सरकवल्या, की शाफ्ट जाम होतात आणि नटाला पाना लागतो. नटाची कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती कड आधी बारीक छिन्नीने पूर्ण उघडायची. न उघडता लांब पाइप लावून ओढलं तर शाफ्टचे आटे सोलतात, आणि त्या आट्यांसाठी अख्खा शाफ्ट बदलावा लागतो. आटे उलटे आहेत का तेही आधी पाहायचं. हा नट परत वापरायचा नसतो.

सर्क्लिप, म्हणजे शाफ्टच्या खाचेत बसणारी स्प्रिंगी कडी, काढायला चांगला सर्क्लिप प्लायर हवा, स्क्रू ड्रायव्हरने उचकटलेली सर्क्लिप डोळ्यात जाते. जुनी सर्क्लिप फेकू नका. अनेक बॉक्समध्ये तिची जाडी निवडून शाफ्टची लांबीच्या दिशेची मोकळीक ठरवलेली असते, कुठे १.८०, कुठे १.८५, कुठे १.९० अशा शतांश मिमीच्या पायऱ्यांनी त्या मिळतात. मायक्रोमीटरने जाडी मोजून पिशवीवर लिहून ठेवायची. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगेभोवतीची मोठी क्लिप ही वेगळी, ती बेअरिंगला केसमध्ये जागेवर धरते. ती क्लिप नसलेलं बेअरिंग चुकून बसवलं तर शाफ्ट पुढेमागे सरकतो आणि गिअर उडतात.

सेपरेटर लावणं

या कामाचं खरं हत्यार पुलर नव्हे, सेपरेटर. दोन अर्ध्या तबकड्या, आतून निमुळत्या धारेच्या, आणि त्यांना जवळ आणणारे दोन बोल्ट. सेटमध्ये ३० ते ५०, ५० ते ७५ अशा मापांच्या जोड्या येतात. छोट्या गाडीच्या बॉक्सला पहिल्या दोन पुरतात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात नाना पेठेत फेरी मारली की हे मिळतं. ऑनलाइनही मिळतं, पण स्वस्त सेटच्या धारा मऊ निघतात आणि पहिल्याच कामात दुमडतात. धारेवर कानस फिरवून पाहावी. कानस सहज चावली तर परत करावा.

धार बेअरिंग आणि त्याच्या खालच्या गिअरच्या मधल्या फटीत घालायची. सेपरेटरची सपाट बाजू बेअरिंगकडे, उतरती बाजू गिअरकडे. दोन्ही बोल्ट आळीपाळीने, अर्धा-अर्धा फेरा. एक बोल्ट पुढे गेला की धार तिरकी शिरते. नुसत्या या पाचरीनेच कधीकधी बेअरिंग मिलिमीटरभर वर उचललं जातं, आणि तो पहिला मिलिमीटरच सगळ्यात हट्टी असतो.

आता थांबून मोजायचं. ६३०५ च्या आतल्या रिंगेची बाहेरची कड जवळपास ३६.५ मिमीवर असते. सेपरेटरचं भोक बंद झाल्यावर त्याची धार या व्यासाच्या बरीच आत, म्हणजे ३२-३३ मिमीपर्यंत पोचली पाहिजे, तरच ती आतल्या रिंगेखाली आहे. धार ४० वर अडली असेल तर ती जाळीखाली किंवा बाहेरच्या रिंगेखाली आहे, आणि प्रेसचा दांडा दाबला की सुरुवातीला सांगितलेला तमाशा होणार. बॅटरी लावून फटीतून बघा. तेलाने काळं झालेलं असतं, पुसून घ्या, मगच खात्री होते.

फटच नसेल तर? पुष्कळदा नसते. बेअरिंग आणि खालच्या सुट्या गिअरच्या मध्ये एक पातळ वॉशर सोडला तर काही नसतं. मग सेपरेटर त्या गिअरच्या खाली घालून गिअर आणि बेअरिंग एकत्र काढायचं. इथे धार गिअरच्या जाड अंगाखाली आली पाहिजे, सिंक्रोकडच्या बारीक टोकदार दातांखाली किंवा शंकूखाली नाही. ते दात चिमूटभर जाडीचे असतात. एक तुटला तरी तो गिअर गेला. पितळी रिंगेला तर जोराचा स्पर्शही नको. तिला वर-खाली हलवून ती मोकळी आहे, धारेत अडकलेली नाही, हे बघूनच प्रेस चालवायची.

आणि खालचा गिअर शाफ्टचाच भाग असेल, शिवाय फटही नसेल, तर सरळ खालच्या ‘रिंग शाफ्टवर राहिली तर’ या भागाकडे जा: बेअरिंग कापून काढण्याच्या. त्यात कमीपणा काही नाही. जुनं बेअरिंग फेकायचंच आहे, शाफ्ट वाचवायचा आहे.

प्रेसवर

सेपरेटर प्रेसच्या दोन पट्ट्यांवर टेकवायचा, शाफ्ट खाली लोंबकळता. पट्ट्यांमधली फट खालच्या सगळ्यात मोठ्या गिअरहून रुंद हवी, नाहीतर बेअरिंग निघाल्यावर गिअर पट्टीवर आपटतो. शाफ्टच्या वरच्या टोकावर दाब द्यायचा, पण थेट नाही. टोकाला आटे असतील तर जुना नट वरच्या कडेशी समपातळीत लावून ठेवायचा. मधोमध तेलाचं भोक असेल तर त्यावर शाफ्टच्या व्यासाहून थोडा लहान, सपाट तोंडाचा पोलादी ठोकळा ठेवायचा. टोकदार काही भोकात घुसवलं तर भोकाचं तोंड फुगतं आणि नवं बेअरिंग तिथून शिरतच नाही.

शाफ्ट दोन्ही बाजूंनी गुण्याने उभा आहे का बघा. दांडा हलका दाबून पट्ट्या, सेपरेटर, शाफ्ट सगळं जागेवर बसू द्या, मग दाब वाढवा. सुटतं तेव्हा बहुतेक वेळा पिस्तुलासारखा आवाज येतो. त्याला घाबरू नका, पण त्या क्षणी समोर उभे राहू नका. शाफ्टखाली जुनं टायर किंवा गोणपाटाची घडी ठेवा. दीड-दोन किलोचा शाफ्ट फरशीवर आपटला तर गिअरच्या दाताची कड उडते, आणि ती चूक गाडी चालू झाल्यावरच कळते. बेअरिंगभोवती गोणपाट गुंडाळणं आणि डोळ्यांना चष्मा या दोन गोष्टींना पर्याय नाही. बेअरिंगचं पोलाद काचेसारखं असतं, फुटलं तर तुकडे उडतात.

दाब वाढतोय आणि काही हलत नाही असं झालं तर दाब तसाच ठेवून शाफ्टच्या टोकावर ठेवलेल्या ठोकळ्याला आडवी हलकी टिचकी द्यायची नाही, ठोकळा उडतो. दाब सोडा, सेपरेटरची जागा पुन्हा तपासा. नव्वद टक्के वेळा एखादी सर्क्लिप राहून गेलेली असते. तेलाने भरलेल्या खाचेतली सर्क्लिप दिसत नाही, आणि प्रेसला ती दिसण्याची गरजही नसते. ती खाचेची कड तोडून मोकळी होते.

प्रेस नसेल तर सेपरेटरच्या दोन बाजूंच्या भोकांत लांब स्टड घालून वर आडवी पट्टी आणि मधला स्क्रू अशी जुळणी करता येते. २५ मिमीच्या बेअरिंगला ती पुरते. स्क्रूच्या आट्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस, आणि स्क्रूचं टोक व शाफ्ट यांच्या मध्ये एक पोलादी गोळी. दोन्ही स्टडची लांबी सारखी आहे का ते स्टील पट्टीने मोजायचं, नजरेने नाही. स्क्रू चांगला ताणला की त्याच्या डोक्यावर सरळ एक ठोका. त्या धक्क्याने रिंग सुटते. न सुटल्यास आणखी पाव फेरा, पुन्हा ठोका. इम्पॅक्ट गन लावू नका, आटे वितळल्यासारखे चिकटतात.

हे सगळं नको असेल तर शाफ्ट गोणपाटात बांधून लेथवाल्याकडे घेऊन जा. मात्र सेपरेटर कुठे बसवायचा हे त्याला दाखवूनच द्या. त्याच्याकडे प्रेस असते; तुमच्या बॉक्सचा अभ्यास त्याने केलेला नसतो.

रिंग शाफ्टवर राहिली तर

रोलर बेअरिंगमध्ये हे मुद्दामच घडतं. सरळ रोलरांच्या बेअरिंगची बाहेरची रिंग रोलरांसकट घसरून येते, आतली रिंग शाफ्टवर राहते. तिला एका बाजूला कड असेल तर सेपरेटर लागतो. सपाट असेल तर कापावी लागते.

बॉल बेअरिंगचं जाणूनबुजून विघटन करायचं असेल तर आधी जाळी काढा. पत्र्याच्या जाळीचे रिव्हेट बारीक ड्रिलने किंवा ग्राइंडरच्या कडेने उडवले की दोन्ही अर्धे सुटतात. मग सगळ्या गोळ्या एका बाजूला ढकलायच्या. ६३०५ मध्ये सहसा ११.५ मिमीच्या सात गोळ्या असतात. त्या एकमेकींना चिकटल्या की अर्ध्या वर्तुळात मावतात, बाहेरची रिंग दुसऱ्या बाजूला सरकते आणि गोळ्या एकेक करून निघतात. कारखान्यात बेअरिंग असंच भरतात, आपण ते उलटं करतो. हातात राहते फक्त आतली रिंग, आणि आता तिच्या खोबणीला सेपरेटरची धार सुंदर बसते. कापायची वेळच बरेचदा येत नाही.

आली तर चार इंची ग्राइंडरला १ मिमीची कापायची चकती. कापण्याआधी शाफ्टचा बाकी सगळा भाग ओल्या फडक्यात आणि वर प्लास्टिकमध्ये गुंडाळा. ग्राइंडरची धूळ म्हणजे एमरी आणि पोलादाचं पीठ. ते सुई-बेअरिंगमध्ये शिरलं तर नवं काम हजार किलोमीटरही टिकत नाही. चीर शाफ्टच्या रेषेला थोडी तिरकी घ्यायची, म्हणजे चुकून शाफ्टला लागलीच तर ओरखडा तिरका पडतो. या रिंगेची जाडी खोबणीच्या तळाशी साडेतीन मिमीच्या आसपास असते आणि कडांना साडेपाच ते सहा. त्यामुळे चकती सगळीकडे सारखी दाबली तर कडा कापून व्हायच्या आधी मधोमध शाफ्ट उघडा पडतो. कडा आधी, तळ शेवटी. अर्धा मिमी राहिला की थांबायचं. चिरेत छिन्नी ठेवून एकच जोराचा ठोका, रिंग तडकते आणि सैल होते. कापताना रंग बदलतो का बघत राहा: रिंग निळी पडली तर साधारण ३०० अंश गाठले गेले. फिकट पिवळसर होऊ लागली की थांबून गार होऊ द्यायची, कारण तिची उष्णता शाफ्टमध्ये चाललीय, आणि शाफ्टचा वरचा कडक थर तेवढ्याने मऊ होतो.

टेपर रोलर, म्हणजे डिफरन्शियलच्या दोन टोकांवर किंवा काही काउंटर शाफ्टवर असणारं बेअरिंग, जरा कपटी. त्याची आतली रिंग जाड बाजूने गिअरला टेकलेली असते आणि धार घालायला गेलं की ती जाळीत अडकते. जाळी वाचवायचा मोह सोडा. ती कापा, रोलर काढा, आणि मग उघड्या पडलेल्या मोठ्या कडेला सेपरेटर लावा. खाली पातळ शिम (जागा भरणाऱ्या चकत्या) निघाल्या तर कुठल्या बाजूच्या किती, हे मोजून लिहा.

उष्णता, बर्फ आणि वेल्डिंग

गॅसची ज्योत हे कामाचं कमी आणि नुकसानीचं जास्त. रिंग आणि शाफ्ट दोन्ही पोलादाचे. सावकाश तापवले तर दोन्ही सारखेच फुगतात, आवळ तसाच. उष्णतेचा फायदा फक्त रिंग झटकन तापून शाफ्ट गार राहिला तरच, आणि ते साध्या टॉर्चने फार वेळ साधत नाही. अख्खा शाफ्ट बेअरिंगसकट फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही याच कारणाने फुकट.

वेल्डिंगची युक्ती खरी आहे, पण उलट जागी वापरली जाते. केसच्या घरात अडकलेल्या बाहेरच्या रिंगेच्या आतल्या बाजूने वेल्डचा एक वेढा मारला की गार होताना ती आकसते आणि हाताने निघते. तीच युक्ती शाफ्टवरच्या आतल्या रिंगेवर केली तर आकसताना ती शाफ्टला आणखी आवळते. तिथे ती गरम असतानाच ओढली तर ठीक, अर्धा मिनिट उशीर झाला तर ग्राइंडरशिवाय सुटका नाही. शिवाय वेल्डिंगची अर्थिंगची वायर शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला लावली तर वीज शाबूत बेअरिंगांतून जाते आणि त्यांच्या खोबणीत सूक्ष्म डाग पाडते.

केस मात्र तापवावीच. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. हीट गनने घराभोवतीचा भाग १०० अंशांच्या आसपास नेला, म्हणजे पाण्याचा थेंब टाकताच चुरचुरून उडाला, की केस लाकडी ठोकळ्यावर आपटताच बेअरिंग पडतं.

नवं बसवताना

बेअरिंगवरचा नंबर पुसट असेल तर व्हर्नियरने तिन्ही मापं घ्या. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणलं की भोक मिळतं: ०५ म्हणजे २५, ०६ म्हणजे ३०. नंबरापुढची अक्षरंही महत्त्वाची. एनआर म्हणजे बाहेरच्या रिंगेला खाच आणि क्लिप. सी३ म्हणजे आतली मोकळीक नेहमीपेक्षा जास्त. शाफ्टवर आवळल्यावर आतली रिंग फुगते आणि ती मोकळीक खाते, म्हणून जुन्यावर सी३ असेल तर नवंही तेच हवं. काही बॉक्समध्ये मात्र बेअरिंग कॅटलॉगमधलं नसतंच. माप तेच दिसतं, क्लिपची खाच दीड मिमी पुढे-मागे असते. जुनं सोबत घेऊनच दुकानात जा, आणि शेजारी ठेवून जुळवा.

शाफ्टची जागा डिझेलने धुवा, बारीक पॉलिश पेपरने फक्त वर आलेले ओरखडे घासा, गोल फिरवून जागा चकचकीत करू नका. दहा मायक्रॉन गेले तर आवळ संपला. बेअरिंग ओव्हनमध्ये ११० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवा. १२० च्या वर नाही, आणि रबरी सील असलेलं बेअरिंग असेल तर ८० वरच थांबा. २५ मिमीचं भोक ८० अंशांनी तापल्यावर सुमारे २४ मायक्रॉन मोठं होतं, म्हणजे वरचा सगळ्यात मोठा आवळही फिटतो. शाफ्ट रात्रभर फ्रीजरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत ठेवला असेल तर आणखी १४-१५ मायक्रॉन मिळतात; बाहेर काढल्यावर त्यावर जमणारं दव पुसायचं. मग बेअरिंग चामड्याच्या हातमोज्याने एका दमात, न थांबता, शाफ्टच्या खांद्यापर्यंत, म्हणजे जिथे शाफ्ट जाड होतो तिथवर. मध्ये थांबलात तर ते तिथेच पकडतं. खांद्याला टेकल्यावर पंधरा सेकंद दाबून धरा, कारण गार होताना रिंग रुंदीतही आकसते आणि खांद्यापासून केसभर मागे सरते. गार झाल्यावर ०.०५ मिमीची फीलर पट्टी रिंग आणि खांद्यामध्ये शिरता कामा नये.

थंडच दाबायचं असेल तर एक इंची जीआय पाण्याचा पाइप ६३०५ ला नेमका बसतो: बाहेरून ३३.७, आतून सुमारे २७ मिमी, म्हणजे फक्त आतल्या रिंगेवर टेकतो. पाइपचं तोंड लेथवर गुण्यात घासून घ्या. ६२०६ ला मात्र सव्वा इंची पाइप चालत नाही. त्याचा बाहेरचा व्यास ४२.४ आणि त्या बेअरिंगच्या आतल्या रिंगेची कड ४०.४ च्या आसपास, पाइप थेट जाळीवर टेकतो. तो बाहेरून ३९ पर्यंत घासून घ्यावा लागतो.

सर्क्लिप खाचेत पूर्ण फिरते का, गिअर आपापल्या जागी हाताने फिरतात का, आणि गाडीच्या पुस्तिकेत जीएल-४ दर्जाचं गिअर तेल सांगितलं असेल तर जीएल-५ ओतत नाही ना, एवढं बघून केस बंद करा. केसच्या ड्रेन प्लगच्या चुंबकावर पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर राखाडी लोणी जमलेलं दिसेल, ते चालतं. चमकणारी चपटी खपली दिसली तर पुन्हा उघडावं लागेल.